उपेक्षित की उपाशी? : बालगृहाच्या अनुभवातून घडणारा निर्मूलनाचा विचार

कोल्हापूरच्या पेठांत आणि आसपासच्या गावांत हट्टी पोराला गप्प करायची एक जुनी धमकी आहे : ‘रिमांड होमात टाकीन बघ!’ कायद्याच्या पुस्तकातून ‘रिमांड होम’ हा शब्द १९८६ सालीच गेला. त्याच्या जागी निरीक्षणगृह आलं, बालगृह आलं, पुढे ‘बाल संगोपन संस्था’ आली. लोकांच्या तोंडचा शब्द मात्र हलायला तयार नाही. जी संस्था सरकारी कागदावर मुलांच्या ‘काळजी आणि संरक्षणा’साठी उभी आहे, तिचं नाव घराघरात धाक म्हणून घेतलं जातं. या विसंगतीकडे आपण फारसं लक्ष देत नाही, कारण आपली मुलं तिथे जाणार नाहीत याची आपल्याला खात्री असते.

ज्यांना ही खात्री नव्हती, त्यांचा हा विषय आहे. लहानपणी असं संरक्षण अनुभवलेल्यांपैकी काही जण मोठेपणी अशा मताला येतात की ही व्यवस्था डागडुजी करून सुधारणार नाही, तिची गरजच उरणार नाही अशी परिस्थिती आणली पाहिजे. काही जण याच्या नेमके उलट बोलतात. एकाच प्रकारच्या अनुभवातून हे मत कसं घडतं आणि ते कितपत टिकतं, हे या लेखात तपासायचं आहे. मी स्वतः १९९४ ते २००३ अशी नऊ वर्षं पश्चिम महाराष्ट्रातल्या एका बालगृहात वाढले आणि आज बालहक्कांच्या क्षेत्रात काम करते. त्यामुळे मी तटस्थ नाही, हे वाचकांनी आधीच लक्षात घेतलेलं बरं.

निर्मूलन हा आपलाच शब्द

अमेरिकेत ज्याला ‘अबॉलिशन’ म्हणतात, त्या विचाराची मुळं गुलामगिरीविरोधी लढ्यात आहेत. महाराष्ट्राला हा धागा परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी निग्रोंची दास्यातून सुटका केली त्यांनाच अर्पण केलं होतं. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली जातीच्या सुधारणेवर न थांबता तिच्या समूळ उच्चाटनाची मांडणी केली. ‘निर्मूलन’ हा शब्द आपण अंधश्रद्धेपासून अस्पृश्यतेपर्यंत सर्रास वापरतो. तुरुंगाच्या किंवा बालगृहाच्या पुढे तो लावला की मात्र दचकतो.

या विचाराच्या अलीकडच्या मांडणीत अँजेला डेव्हिस यांचं २००३ सालचं तुरुंगांवरचं पुस्तक महत्त्वाचं मानलं जातं. बालकल्याणापुरतं बोलायचं तर कायद्याच्या प्राध्यापक डोरोथी रॉबर्ट्स यांचं नाव घ्यावं लागेल. ‘शॅटर्ड बाँड्स’ (२००१) या पुस्तकात त्यांनी दाखवलं की अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलं घरातून काढून नेली जाण्याचं प्रमाण फार मोठं आहे आणि त्यामागे मारहाणीपेक्षा गरिबीशी निगडित ‘दुर्लक्षा’ची कारणं जास्त असतात. ‘टॉर्न अपार्ट’ (२०२२) लिहीपर्यंत त्या या निष्कर्षाला आल्या होत्या की ही व्यवस्था कुटुंबांना मदत करण्यापेक्षा त्यांच्यावर पहारा ठेवते, म्हणून ती मोडून तिच्या जागी आधाराची व्यवस्था उभारली पाहिजे.

सुधारणावादी आणि निर्मूलनवादी यांच्यातला फरक थोडक्यात सांगता येतो. बालगृहातल्या आमटीत डाळ किती आहे, हे सुधारणावादी पाहतो. ते पाहायलाच हवं, पण निर्मूलनवादी त्याआधी विचारतो की हे मूल इथे जेवायला का बसलं आहे?

तिथे शिकलेले चार धडे

माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते. ते वारले तेव्हा मी आठ वर्षांची होते, भाऊ सहा वर्षांचा. आई कांड्या भरायला जायची. त्या मजुरीत खोलीचं भाडं आणि तीन पोटं भागेनात, म्हणून कोणी तरी तिला आम्हाला संस्थेत ठेवण्याचा सल्ला दिला. तेव्हा १९८६चा बाल न्याय कायदा लागू होता. त्यात मुलांचे दोन वर्ग होते : गुन्हा केल्याचा आरोप असलेली आणि ‘उपेक्षित’. मंडळापुढे आमच्या कागदावर दुसरा शब्द वाचून दाखवण्यात आला, तेव्हा आई म्हणाली, “पोरं उपेक्षित न्हाईत सायेब, उपाशी हाईत.” कागदावर त्यासाठी रकाना नव्हता. पहिला धडा तिथेच मिळाला : या व्यवस्थेला गरिबी वाचता येत नाही. गरिबी तिच्या भाषेत आणायची तर आधी आईचा दोष करावा लागतो.

दुसरा धडा भावंडांचा. मुलींची संस्था वेगळी, मुलांची वेगळी, आणि त्याला जागा मिळाली ती दुसऱ्या जिल्ह्यात. यात कोणाचा दुष्टावा नव्हता, जिथे जागा होती तिथे पाठवलं इतकंच. नऊ वर्षांत आम्ही तीनदा भेटलो. आईला महिन्यातून एक रविवार सुट्टी मिळे, आणि त्या एका रविवारात एस.टी.चं भाडं एकाच मुलाकडे जाण्यापुरतं असे. आज आम्ही दोघं फोनवर बोलतो. तब्येत, पाऊस, मुलांची शाळा एवढं झालं की दोघांचंही बोलणं संपतं. सख्खी भावंडं ज्या फालतू गोष्टींवर तासभर बोलतात, त्या आमच्याकडे जमाच झाल्या नाहीत.

तिसरा धडा हजेरीचा. सकाळी, शाळेतून आल्यावर आणि रात्री झोपण्याआधी अशी दिवसातून तीनदा आमची मोजणी व्हायची. पत्रं उघडून वाचली जायची. आमच्यातच एक मुलगी होती, घरकामाच्या ठिकाणी चोरीचा आळ आलेली. दुसरी होती ती घरकामाच्याच ठिकाणी मार खाऊन पळालेली. कायद्याने एक आरोपी होती आणि दुसरी पीडित. रात्री कुलूप मात्र दोघींच्या दाराला एकच लागायचं. संस्था सोडून जाणाऱ्या मुलीबद्दल आम्ही ‘ती सुटली’ असंच म्हणत असू. हा शब्द आम्हाला कोणी शिकवला नव्हता.

चौथा धडा सर्वांत अवघड. आम्हाला सांभाळणाऱ्या मावशी वाईट नव्हत्या. एक मावशी तर आपल्या पैशांनी खोबरेल आणून रविवारी पंचवीस-तीस डोक्यांना तेल लावायच्या. त्यांचा पगार तुटपुंजा आणि कधी कधी चार-चार महिने थकलेला. त्यांची स्वतःची मुलगी गावाकडे आजीपाशी वाढत होती. चांगली माणसं असूनही जे घडायचं ते घडत होतं, हे मी रोज पाहत होते. अनुभवातून निर्मूलनाकडे जाण्याचा रस्ता बहुधा इथूनच फुटतो. छळ झालेल्या मुलाला वाटू शकतं की माणसं बदलली की सगळं ठीक होईल. ज्याला माया मिळाली आणि तरीही घर तुटलं, त्याचं लक्ष माणसांवरून रचनेकडे वळतं.

हजेरी कुठून आली?

ही रचना एका रात्रीत उभी राहिलेली नाही. मुंबईतली डेव्हिड ससून सुधारशाळा १८५७ची. मग १८७६ आणि १८९७चे सुधारशाळा कायदे, १९२४चा आणि पुढे १९४८चा मुंबईचा मुलांसाठीचा कायदा, अशी तिची पायरी-पायरीने वाढ झाली. सुधारशाळा मुळात तुरुंगाला पर्याय म्हणून आल्या. मूल प्रौढ कैद्यांपासून वाचवणं हा त्यांचा चांगला हेतू. पण कुंपण, गणवेश आणि मोजणी त्यांनी तुरुंगाकडूनच घेतली.

याला समांतर दुसरा इतिहास आहे, तो भटक्या-विमुक्तांचा. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. १८९७च्या दुरुस्तीने त्यांच्या मुलांसाठी वेगळ्या सुधारवसाहती उभारून त्यांना आईबापांपासून तोडण्याची सोय केली आणि १९११च्या कायद्यातही ती राहिली. कारण असं दिलं जाई की गुन्हेगारी संस्कार आईच्या दुधातून येतात, म्हणून मूल लवकर उचललं पाहिजे. कॅनडात मूलनिवासींची सुमारे दीड लाख मुलं याच तर्काने निवासी शाळांत कोंडली गेली. त्यातली शेवटची शाळा १९९०च्या दशकात बंद झाली. आपल्याकडे सोलापूरच्या सेटलमेंटची तार १९५२नंतर निघाली, पण त्या तारेमागच्या पिढ्यांचं काय झालं याची चौकशी कोणत्याही आयोगाने कॅनडाच्या तोडीने केलेली नाही. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ आणि भीमराव गस्तींचं ‘बेरड’ वाचूनच मराठी वाचकाला त्याचा अंदाज येतो.

इथे कोल्हापूरचं नाव अभिमानाने घ्यावं लागतं. ब्रिटिश मुलखात हजेरीची सक्ती कडक होत असताना शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी बंद केली. हजेरी सुधारायची, तिची वेळ सोयीची करायची, असा मार्ग त्यांना घेता आला असता. त्यांनी ती काढून टाकली आणि त्या माणसांना कामं दिली. निर्मूलनवाद परदेशी खूळ आहे असं मला कोणी म्हणालं, की मी हा दाखला देते.

स्वातंत्र्यानंतर पहारा संपला नाही, त्याचं नाव बदललं. १९५९च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने भीक मागणं हा गुन्हा ठरवला, आणि भीक मागणारं मूल हाती लागलं की त्याची रवानगी मुलांच्या न्यायालयाकडे व्हायची. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली या कायद्याच्या महत्त्वाच्या तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. भटक्या माणसाकडे मुलांसाठीचा धोका म्हणून पाहण्याची नजर १८७१पासून किती थोडी बदलली, हे त्या दिवशी दिसलं.

परदेशात आपल्या माणसांवर ही वेळ आली की मात्र आपल्याला ती लगेच कळते. २०११ साली नॉर्वेने एका भारतीय जोडप्याची दोन मुलं काढून घेतली तेव्हा देश हळहळला, पुढे त्यावर हिंदी चित्रपटही निघाला. हाताने भरवणं आणि मुलाला शेजारी झोपवणं यांकडे तिथे संशयाने पाहिलं गेलं, याचा आपल्याला संताप आला. सिग्नलवरच्या पारधी आईच्या कडेवरचं मूल ‘तिचंच कशावरून?’ असं विचारताना तो संताप आठवत नाही.

आकडे काय सांगतात?

‘बालगृहात अनाथ मुलं असतात’ हा समज फार घट्ट आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१८ साली आला. तिच्यात ९,५८९ संस्था मोजल्या गेल्या आणि त्यांत काळजी व संरक्षणाची गरज असलेली ३,७०,२२७ मुलं होती. अनाथ म्हणून नोंदलेली त्यांतली सुमारे ४१ हजार. एकल पालकांची मुलं एक लाखाहून अधिक. म्हणजे माझ्यासारख्यांची संख्या अनाथांच्या दुपटीहून जास्त भरली.

दुसरा पुरावा करोनाने दिला. २०२० साली संसर्गाच्या भीतीने मुलं घरी पाठवण्यात आली. त्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार साथ सुरू झाली तेव्हा संस्थांत २,२७,५१८ मुलं होती आणि त्यांपैकी १,४५,७८८ कुटुंबांकडे किंवा पालकांकडे परत गेली होती. हे प्रमाण तिघांत जवळजवळ दोन भरतं. जी घरं इतकी वर्षं ‘अयोग्य’ होती ती काही महिन्यांत योग्य कशी ठरली? यातल्या काही घरांत मुलं नक्कीच असुरक्षित झाली असणार, कारण घाईने केलेली पाठवणी म्हणजे आधार नव्हे. न्यायालयालाही ते जाणवलं, म्हणून शिक्षणासाठी प्रत्येक मुलामागे महिना २,००० रुपये द्यायचा आदेश झाला. पण एवढी घरं अस्तित्वात होती, हे सत्य त्यामुळे झाकता येणार नाही.

मुलाच्या वाढीवर संस्थेचा काय परिणाम होतो, याचा सर्वांत कसून अभ्यास रुमानियात झाला. बुखारेस्टमध्ये २०००पासून १३६ लहान मुलांचा मागोवा घेतला गेला. निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकून पालक-कुटुंबांत ठेवलं, बाकीची संस्थेतच राहिली. कुटुंबांत गेलेल्या मुलांची बुद्धी आणि जवळीक साधण्याची क्षमता जास्त चांगली वाढली, आणि वयाच्या साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला.

बोर्डिंग आणि बालगृह

यावर कोल्हापूरकर हमखास विचारतात, ‘मग आमच्या बोर्डिंगांचं काय? तिथेही मुलं घराबाहेरच वाढली की!’ हा आक्षेप मोलाचा आहे. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. मग जैन, लिंगायत, मुस्लिम बोर्डिंगं निघाली, १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. या वसतिगृहांनी पिढ्या घडवल्या.

फरक छपरात नाही, ताब्यात आहे. बोर्डिंगातल्या मुलाला बापाने शिकायला ठेवलेलं असे. सुगीला तो घरी जाई, आणि त्याच्या गरिबीची लाज त्याच्या आईला कोणापुढे सही करून कबूल करावी लागत नसे. बालगृहात मूल कायद्याच्या आदेशाने येतं आणि आदेशानेच जातं. मदत हवी असेल तर आधी मूल स्वाधीन करा, ही त्या दारावरची अट आहे. शाहूंच्या बोर्डिंगाने मदत दिली, ताबा मागितला नाही. निर्मूलनवादी काय उभारू पाहतात, याचं इतकं जवळचं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

दुसरी बाजू

आमच्या खोलीत एक मुलगी होती जिच्यासाठी ते कुलूप खरोखर संरक्षण होतं. ज्याच्यापासून ती वाचली तो तिच्या घरातलाच होता. ती आज म्हणते, ‘संस्था नसती तर मी नसते.’ तिचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही आणि काढू इच्छित नाही. घर नावाची प्रत्येक जागा सुरक्षित नसते, हे न मानणारा निर्मूलनवाद भाबडा आणि प्रसंगी क्रूर ठरेल. पण तिच्या बाबतीतही एक प्रश्न उरतो. अत्याचार करणारा घरात राहिला आणि घर, शाळा, मैत्रिणी सुटल्या त्या तिच्या. त्याला बाहेर काढून तिला आजीकडे किंवा मावशीकडे, तिच्याच गावात, खर्चाच्या हमीसह ठेवणं शक्य होतं का, हे कोणी तपासलंच नाही. शिवाय संस्था सुरक्षित असेलच असंही नाही. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पथकाने बिहारमधल्या संस्थांची पाहणी केली, त्यातूनच २०१८ साली मुझफ्फरपूरच्या मुलींच्या निवारागृहातलं भयंकर शोषण उघडकीला आलं.

कोल्हापुरात या विषयावर बोलताना आणखी एक नाव टाळता येत नाही : गावित. १९९०च्या दशकात अनेक बालकांना पळवून चोरीसाठी वापरणाऱ्या आणि काहींना ठार मारणाऱ्या या मायलेकींच्या खटल्याने जिल्हा हादरला होता. दोघी बहिणींना २००१ साली कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, आणि दयेच्या अर्जांना झालेल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२मध्ये तिचं रूपांतर जन्मठेपेत केलं. ‘अशांचं काय करणार तुम्ही?’ हा प्रश्न मला प्रत्येक व्याख्यानानंतर विचारला जातो. अशा माणसांना समाजापासून दूर ठेवावं लागेल, हे मी मान्य करते. मात्र त्या खटल्यातून मुलांच्या संरक्षणाचा धडा घ्यायचा असेल तर तो फाशीत नाही. गर्दीतून नाहीशा झालेल्या गरीबाच्या मुलाची तक्रार तेव्हा किती गांभीर्याने घेतली जायची, हे विचारावं लागतं. हरवलेल्या प्रत्येक मुलाबाबत अपहरण गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश यायला २०१३ साल उजाडलं. मुलांच्या जिवाला खरा उपयोग होणार तो अशा आदेशाचा.

मग करायचं काय?

उद्या सगळी बालगृहं बंद करा, असं मी म्हणत नाही. क्रम महत्त्वाचा आहे : आधी आधार उभा करायचा, मग दारं बंद करायची. गंमत म्हणजे कायदा कागदावर याच बाजूचा आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ३ मध्ये स्पष्ट तत्त्व आहे की पुरेशी चौकशी करून, शेवटचा उपाय म्हणूनच मुलाला संस्थेत ठेवावं. राज्याची बालसंगोपन योजना आज सावित्रीबाई फुल्यांच्या नावाने चालते आणि तिच्यात मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून प्रायोजकत्वाचे ४,००० रुपये मिळू शकतात. १९९४ साली अशी रक्कम, त्या काळच्या हिशेबाने का होईना, माझ्या आईच्या हाती पडली असती तर आम्ही तिघं एका खोलीत वाढलो असतो.

अडचण अंमलबजावणीत आहे. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, बँक खातं, गृहचौकशी आणि मग बालकल्याण समितीपुढे हजेरी. मजुरी बुडवून जिल्ह्याच्या ठिकाणी चार खेपा मारणं विधवा बाईला परवडत नाही. आलेले पैसेही नियमित येतील याचा भरवसा नसतो. बालगृहाचं दार त्या मानाने लवकर उघडतं. ज्या व्यवस्थेत मूल सोडणं सोपं आणि सांभाळणं अवघड, तिथे आईने काय निवडलं यावरून तिचं माप काढता येत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी बालकल्याण समिती असते. मूल संस्थेत ठेवण्याच्या प्रत्येक आदेशावर सही करण्याआधी समितीने दोन ओळी लिहाव्यात : हे मूल घरी राहावं म्हणून कुटुंबाला काय दिलं, आणि ते का पुरलं नाही? पहिल्या ओळीत ‘काही नाही’ लिहावं लागलं, तर तो आदेश त्या दिवशी होऊ नये, मुलाच्या जिवाला धोका असेल तेवढा अपवाद सोडून. भावंडं असतील तर तिसरी ओळ लिहावी, ती एकत्र राहतील की नाही याची. असे दहा वर्षांचे आदेश एकत्र वाचले की कोणत्या बालगृहाची गरज होती आणि कोणतं केवळ गरिबीवर चालत होतं, हे कोणालाही वाचता येईल.